शिकवलेली कळ

पावसाळ्यात वरंधचा घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो. महाडकडे जाणारी एस. टी. तरी वेळेवर येईल, असे कोणी सांगावे? एका कागदासाठी तालुक्याला जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. दिवस मोडला की मजुरी बुडते. कागदात चूक निघाली, तर दुसरा दिवसही मोडतो. म्हणून कागद पहिल्या खेपेलाच बरोबर व्हावा असे आपल्याला वाटते.

पूर्वी अर्ज हाताने लिहीत. मग टंकलेखन यंत्र आले. त्यानंतर संगणक आला. आता संगणकाच्या शेजारी आणखी एक छोटे यंत्र कुठे कुठे दिसू लागले आहे. त्याची एक कळ दाबली की अख्खी ओळ लिहून होते. हे कसे होते? त्यात सोय कोणती? धोका कोणता? ते या धड्यात पाहू.

जुना शिक्का

आधी आमच्या हातून झालेली एक जुनी चूक सांगतो.

आपला जिल्हा पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १ जानेवारी १९८१ रोजी त्याचे नाव रायगड झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो. शाळेत दोन रबरी शिक्के होते. एक जुना, एक नवा. जुन्यावर 'जि. कुलाबा' होते. नव्यावर 'जि. रायगड' होते. एका मुलाला शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा होता. आम्ही घाईघाईने जुना शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि दाखल्यावर उमटवला. मुलगा तो घेऊन मुंबईला मामाकडे गेला. तिकडच्या शाळेने विचारले, "वर रायगड लिहिले आहे आणि खाली शिक्क्यात कुलाबा आहे. खरे काय धरायचे?" मुलाचे वडील दाखला घेऊन परत आले. त्यांचे दोन दिवस गेले.

शिक्क्याचा यात काय दोष? त्याच्या रबरावर जे कोरले होते, तेच त्याने उमटवले. दोष आमचा. उमटलेले आम्ही वाचले नाही.

हा शिक्का ध्यानात ठेवा. पुढे त्याची आठवण होईल.

तळहाताएवढी पाटी

संगणकावर लिहिण्यासाठी कळांची एक पाटी असते. तिला कळफलक म्हणतात. बोलताना आपण कीबोर्ड म्हणतो. पुरत्या मोठ्या कळफलकावर शंभराच्या वर कळा असतात. बोटाने कळ दाबावी आणि पडद्यावर अक्षर उमटावे, अशी त्याची रीत.

आम्ही पेन्शन घेतो. पेन्शन घेणाऱ्याला दरसाल 'मी हयात आहे' असे कळवावे लागते. त्यासाठी आम्ही आमच्या बाजूच्या एका सेवा केंद्रात गेलो होतो. तिथे काम करणाऱ्या ताईंच्या टेबलावर मोठा कळफलक होता. त्याच्या शेजारी तळहाताएवढी एक छोटी पाटी होती. तिच्यावर नऊच कळा. तारेने ती संगणकाला जोडलेली.

"ताई, हे काय? हिशेबाचं यंत्र का?" आम्ही विचारले.

"नाही गुरुजी, हा की-पॅड," ताई म्हणाल्या. "मोठ्या कळफलकाची अक्षरं ठरलेली असतात. याच्या कळांना आपण शिकवायचं. ही पहिली कळ बघा."

त्यांनी कळ दाबली. पडद्यावर भराभर अक्षरे उमटली : 'मु. पो. वरंध, ता. महाड, जि. रायगड'.

आम्ही पाहतच राहिलो. ताई हसल्या. म्हणाल्या, "दिवसाला चाळीसेक अर्ज लिहिते. तालुका तोच, जिल्हा तोच. गावंही ठरलेली. संध्याकाळी मनगट दुखून यायचं. आता एका कळीत काम होतं."

कळांचा असा एक क्रम यंत्रात साठवून ठेवला आणि तो एका कळीला बांधला, तर त्याला मॅक्रो म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ मोठे किंवा लांब. खूण आखूड, काम लांब, असा तो प्रकार आहे.

ही कल्पना मात्र नवी नाही. आपण पत्राच्या वर 'सा. न. वि. वि.' लिहितो. वाचणारा ते 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे वाचतो. चार अक्षरांत चार शब्द बसवले आहेत.

तारेचेही तसेच होते. तारघरात शुभेच्छांची ठरलेली वाक्ये असत. प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असे. लग्नाच्या शुभेच्छा द्यायच्या असल्या, तर पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा. तारेवरून नुसता क्रमांक जाई. पलीकडच्या तारघरात त्या क्रमांकाचे पुरते वाक्य होई आणि ते लग्नघरी पोचे. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण आखूड खुणेत लांब वाक्य बांधण्याची ती युक्ती आता या छोट्या पाटीत आली आहे.

कळीला कसे शिकवतात?

ताईंनी आम्हांला दुसरी कळ शिकवून दाखवली. आम्ही पाहिले त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी. जी ओळ शिकवायची, ती आधी कागदावर लिहावी. ती वाचावी. रेशनकार्डाशी किंवा सात-बाराशी ताडून पाहावी. हे काम यंत्राला हात लावण्याआधीचे आहे.

दुसरी पायरी. नोंद सुरू करावी. काही की-पॅडांवर नोंदीसाठी वेगळी कळ असते. काहींसाठी संगणकात एक प्रोग्रॅम असतो. त्यात आपली कळ निवडायची आणि 'रेकॉर्ड' या शब्दावर टिचकी मारायची.

तिसरी पायरी. मोठ्या कळफलकावर ती ओळ सावकाश लिहावी. कोणती कळ केव्हा खाली गेली आणि केव्हा वर आली, याची नोंद यंत्र ठेवते. इथे एक गंमत आहे. लिहिताना आपण चुकलो आणि ते खोडून पुन्हा लिहिले, तर यंत्र ती चूकही नोंदवते आणि खोडणेही नोंदवते. मग दर खेपेला ते आधी चुकेल, मग खोडील, मग बरोबर लिहील! म्हणून फार चुकले, तर नोंद टाकून द्यावी आणि नव्याने सुरुवात करावी.

चौथी पायरी. ओळ संपली की नोंद बंद करावी. हे विसरले, तर पुढे जे जे लिहाल ते सारे त्या कळीत जाऊन बसेल.

पाचवी पायरी. कोऱ्या पानावर कळ दाबून पाहावी. उमटलेली ओळ अक्षरन् अक्षर वाचावी. कागदावरच्या ओळीशी जुळवावी. एकदा नव्हे, दोनदा.

सहावी पायरी. कळीवर छोटी चिठ्ठी चिकटवावी : 'वरंध', 'बिरवाडी', 'पोलादपूर'. डब्याला नाव नसले, तर मीठ कुठले आणि साखर कुठली? तसेच हे.

शिकवलेले कुठे राहते, तेही विचारून ठेवावे. काही की-पॅडांना स्वतःची साठवण असते. असा की-पॅड दुसऱ्या संगणकाला जोडला, तरी त्याला सगळे येते. काही की-पॅडांचे शिकणे संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये राहते. संगणक बदलला, की त्यांची पाटी कोरी होते. मग पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते.

अक्षर नव्हे, आकडा

आता थोडे खोलात जाऊ. घाबरू नका. ज्याला बेरीज येते, त्याला हेही येईल.

आपल्याला वाटते, कळ दाबली की अक्षर संगणकात जाते. तसे नाही. तारेवरून जातो तो आकडा. इंग्रजी 'ए'च्या कळीचा आकडा ४ आहे. 'बी'चा ५, 'सी'चा ६. असे करीत 'झेड'च्या कळीचा २९ होतो. संगणक आकडा घेतो आणि पाहतो, की या वेळी भाषा कोणती लावली आहे? इंग्रजी असली, तर तो इंग्रजी अक्षर काढतो. मराठी असली, तर मराठी काढतो.

मराठी लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी आहे. ती भारत सरकारने ठरवलेली आहे आणि देशातल्या पुष्कळ लिप्यांना तीच चालते. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला आहेत. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. आता 'वरंध' लिहू. व आहे 'बी'च्या कळीवर. र आहे 'जे'च्या कळीवर. अनुस्वार 'एक्स'च्या कळीवर. ध आहे 'ओ'च्या कळीवर, पण त्यासाठी शिफ्ट नावाची कळ सोबत दाबून धरावी लागते. म्हणजे तारेवरून आकडे गेले ५, १३, २७ आणि शिफ्टबरोबर १८.

संगणकावर मराठी लावलेली असेल, तर उमटेल 'वरंध'. पण कोणी इंग्रजी लावून ठेवली असेल, तर तेच आकडे 'बी, जे, एक्स, ओ' होऊन उमटतील. त्या अक्षरांना काही अर्थ नाही. की-पॅड बिघडला, असे लोक म्हणतात. की-पॅड बिघडलेला नसतो. त्याने आकडे बरोबर पाठवलेले असतात. भाषा लावायची राहिलेली असते. काही प्रोग्रॅम आकड्यांऐवजी तयार ओळच जागेवर चिकटवतात. तिथे ही अडचण येत नाही.

शिफ्टचीही एक खोड आहे. शिफ्ट खाली गेली, ही नोंद झाली. पण बोट उचलण्याआधीच कोणी नोंद बंद केली, तर शिफ्ट वर आल्याची नोंद राहून जाते. मग मॅक्रो संपल्यावरही शिफ्ट दाबलेलीच आहे असे संगणक समजू शकतो. पुढचे प्रत्येक अक्षर भलतेच येते. द लिहायला जावे तर ध येतो. त म्हणावे तर थ येतो. अशा वेळी शिफ्टची कळ एकदा दाबून सोडावी आणि मॅक्रो नव्याने नोंदवावा.

कळ दाबली, पण कळले का?

शिकवलेल्या कळीला तीन गोष्टी कळत नाहीत.

पहिली, जागा. पडद्यावर लिहिण्याची जागा दाखवणारी एक लुकलुकती रेघ असते. ती जिथे असेल तिथे मॅक्रो लिहितो. रेघ नावाच्या चौकटीत असली, तर माणसाच्या नावाच्या जागी गावाचा पत्ता जाऊन बसतो.

दुसरी, वेळ. आपल्या डोंगराळ भागात पावसाच्या दिवसांत इंटरनेट मंद चालते. पुढचे पान उघडायला वेळ लागतो. मॅक्रो थांबत नाही. पान उघडण्याआधीच तो लिहू लागतो. पहिली अक्षरे वाऱ्यावर जातात, उरलेली मधूनच पडतात. म्हणून नोंदीत मध्ये 'थांब' घालता येते. ते थांबणे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. १००० म्हणजे एक सेकंद. पण पान उघडायला आज एक सेकंद लागेल आणि उद्या दहा लागतील. ते पाहायला माणूसच हवा.

तिसरी, अर्थ. ही सर्वांत मोठी गोष्ट. आपल्या वरंधपासून जवळच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. लेखन कसे करावे, यावर दासबोधात एक स्वतंत्र समास आहे. अक्षर कसे काढावे आणि पाने कशी राखावी, हे त्यात सांगितले आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हे काम आपल्याकडे असे जुने आहे. पण तिथे लिहिणारा माणूस होता. त्याला अर्थ कळत होता. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही, तर त्याला विचारता येत होते.

कळ विचारीत नाही. तिला वरंध काय आणि बिरवाडी काय? चुकीचे शिकवले, तरी ती तितक्याच इमानाने लिहिते. शिक्का आठवला ना?

एका कान्याची गोष्ट

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक आजी येतात. वय सत्तरीच्या घरात. नवरा मागेच वारला. दोन पावसाळे त्यांनी अक्षरे गिरवली. आता सावकाश, बोट ठेवून, मोठ्याने वाचतात. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी त्यांना अर्ज करायचा होता. आम्ही सोबत गेलो. केंद्र तेच, ताई त्याच.

ताईंनी अर्ज भरला. छापील प्रत आजींच्या हाती दिली. म्हणाल्या, "आजी, इथं सही करा."

पूर्वी आजी अंगठा देत. आता सही करतात. पण त्यांनी पेन हातात घेतले नाही. कागदावर बोट ठेवले आणि वाचू लागल्या. मागे माणसे खोळंबली होती. आम्हांलाच थोडे अवघडल्यासारखे झाले.

"गुरुजी," आजी म्हणाल्या, "आपलं गाव वरंध ना? मग हितं ध ला काना कशाला?"

आम्ही कागदाकडे नीट न पाहताच म्हणालो, "असू दे हो आजी. लोक वरंधा घाट म्हणतातच की."

"घाटाला म्हणू देत. माझ्या रेशनकार्डावर काना नाही."

त्यांनी पिशवीतून रेशनकार्ड काढले आणि आमच्यापुढे धरले. कार्डावर 'वरंध' होते. अर्जावर 'वरंधा' होते. आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे पोरांच्या वह्यांतले काने-मात्रे तपासले. आणि त्या दिवशी कान्याला 'असू दे' म्हणालो!

ताईंनी लगेच की-पॅड पाहिला. आदल्या दिवशी केंद्रात नवा संगणक आला होता. कळांचे जुने शिक्षण जुन्या संगणकात राहिले होते. म्हणून सकाळी घाईत कळा पुन्हा शिकवल्या होत्या. इन्स्क्रिप्टमध्ये काना 'ई'च्या कळीवर असतो. नोंद करताना बोट तिथे एकदा जास्त पडले होते. तारेवरून एक ८ हा आकडा जास्त गेला, एवढेच. पण सकाळपासून वरंधचे जेवढे अर्ज भरले गेले, त्या सगळ्यांत तो काना बसला होता. मोजले तर अकरा भरले.

काही लोक कागद घेऊन घरी गेले होते. ताईंनी एकेकाला फोन करून बोलावून घेतले. कळ पुसली. कागदावर ओळ लिहिली आणि आजींनाच विचारले, "आजी, वाचा बरं. बरोबर आहे?" आजींनी वाचले. मग नोंद केली.

एका कान्याने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. जुलै २०२१ मध्ये महाडला मोठा पूर आला. २२ जुलैला आपल्या तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. माणसे गेली, घरे गेली. मागे राहिलेल्यांना घराबरोबर कागदही नव्याने उभे करावे लागले. अशा वेळी एका कागदावरचे नाव दुसऱ्या कागदाशी जुळावे लागते. जुळले नाही, तर 'हा माणूस तोच कशावरून?' असा प्रश्न उभा राहतो. संकटात सापडलेल्या माणसाने त्या प्रश्नाचे उत्तर कुठून द्यावे? एका अक्षराची किंमत तेव्हा कळते.

हाताने लिहिणारा चुकला, तर एक कागद चुकतो. शिकवलेली कळ चुकली, तर पुसेपर्यंत सगळे कागद चुकतात. उलट, कळ एकदा बरोबर शिकवली, तर सगळे कागद बरोबर येतात. सोय आणि धोका, दोन्ही एकाच गोष्टीत आहेत.

कळीला काय शिकवू नये?

पत्ता शिकवावा. 'आपला विश्वासू' शिकवावे. रोज तेच लागते, ते शिकवावे. पण पुढच्या गोष्टी कधीही शिकवू नयेत.

पासवर्ड शिकवू नये. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. ती कळीत ठेवली, तर जो कोणी टेबलापाशी येईल, तो कळ दाबून कुलूप उघडील. पुष्कळ यंत्रांत साठवलेली नोंद उघडून वाचताही येते.

दुसऱ्या माणसाचा आधार क्रमांक किंवा बँकेचा खाते क्रमांक साठवू नये. एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या अर्जात जायला एक चुकीची कळ पुरे होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. अर्जाच्या शेवटी एक चौकट असते. 'वरील माहिती खरी आहे. मला मान्य आहे.' त्या चौकटीत खूण करावी लागते. वेळ वाचतो म्हणून ही खूण मॅक्रोत घालू नये. पत्ता सगळ्यांचा सारखा असेल, पण होकार ज्याचा त्याचा असतो. तो अर्जदाराला वाचून दाखवावा, त्याला विचारावे आणि मगच खूण करावी. न विचारता घेतलेला होकार हा होकार नव्हे.

आपण काय करावे?

आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती हा की-पॅड येणार नाही. काहींच्या मुलीसुना मात्र टंकलेखन शिकत आहेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाच्या परीक्षा घेते. त्या मुली उद्या अशा टेबलावर बसतील. त्यांना हा धडा वाचून दाखवा.

टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्याने चार गोष्टी कराव्या.

एक : जुना कागद सोबत न्यावा. रेशनकार्ड किंवा सात-बारा असावा. नाव सांगू नये, दाखवावे.

दोन : अर्ज पाठवण्याआधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगावे, किंवा छापील प्रत मागावी. आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळे बोट ठेवून वाचावे. मागे माणसे खोळंबली, तरी लाजू नये. त्यांचाही अर्ज त्याच कळीने लिहिला जायचा आहे.

तीन : चूक दिसली तर नम्रपणे सांगावी. "ताई, एवढं अक्षर बघता का?" असे म्हणावे. काम करणाऱ्याचा तो अपमान नव्हे.

चार : पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. ठरवून दिलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने आपला हक्क झाला आहे. अर्जाचा क्रमांक हाती असला, तर पुढे विचारणा करता येते.

यंत्रे नवी येतील, जुनी जातील. शिक्का होता, तार होती, आता की-पॅड आहे. ही सगळी यंत्रे लिहितात. त्यांनी लिहिलेले आपल्या गावाचे नाव बरोबर आहे की नाही, हे वाचून पाहणे आपल्याकडेच राहते. आजींनी वाचले, म्हणून अकरा कागद वाचले.

नवे शब्द

कळफलक : कळांची पाटी, कीबोर्ड.
की-पॅड : थोड्या कळांची छोटी पाटी.
मॅक्रो : एका कळीला बांधलेला कळांचा क्रम.
नोंद : यंत्राने लक्षात ठेवलेली गोष्ट.
ताडून पाहणे : दोन कागद शेजारी धरून जुळवणे.
होकार : मान्य असल्याचे सांगणे.

प्रश्न

१. आपल्या जिल्ह्याचे जुने नाव काय होते? ते कधी बदलले?
२. नोंद बंद करायला विसरले, तर काय होते?
३. कळ दाबल्यावर तारेवरून अक्षर जाते की आकडा?
४. आजींनी कोणती चूक पकडली? ती कशाशी ताडून पाहिली?
५. 'मला मान्य आहे' ही खूण मॅक्रोत का घालू नये? तुमच्या शब्दांत सांगा.

सराव

घरातले रेशनकार्ड काढा. त्यावरचे आपले नाव आणि गाव वाचा. ते वहीत जसेच्या तसे लिहा. मग घरातला दुसरा एखादा कागद काढा. दोन्हींवरचे काने, मात्रा आणि अनुस्वार जुळतात का, ते पाहा. जुळत नसतील, तर तो शब्द वेगळा लिहून वर्गात घेऊन या. सगळे मिळून वाचू.